शेवटचा बोल्ट आवळणाऱ्याचे मत

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेअरहॅम या गावी १९९५ साली सुरू झालेल्या फॅक्टरी फाइव्ह रेसिंग या किट कार, म्हणजे सुट्या भागांतून घेणाऱ्यानेच जोडायची गाडी, बनवणाऱ्या कंपनीने २०११ मध्ये आपल्या आगामी गाडीच्या बाह्यरूपासाठी खुली डिझाइन स्पर्धा घेतली. गाडीचे नाव आधीच ठरले होते, ८१८. कारण तिचे वजन ८१८ किलोच्या आसपास ठेवायचे होते. यंत्रसामग्री कोठून घ्यायची हेही ठरले होते. २००२ ते २००७ या काळातील सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स विकत घ्यायची, तिचे इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन काढायचे आणि कंपनीने पाठवलेल्या नळ्यांच्या चेसिसवर बसवायचे. या सांगाड्यावर कोणता अंगरखा चढवायचा एवढाच प्रश्न स्पर्धकांपुढे होता.

अशा स्पर्धेचा निकाल लागला की हौशी मंडळींमध्ये एकमत कधीच नसते. कोणाला विजेत्या गाडीचे नाक बोजड वाटते, कोणाला तिच्यात दुसऱ्याच एखाद्या महागड्या गाडीची छाया दिसते, कोणी म्हणते की खरे चांगले चित्र तिसऱ्या क्रमांकावर ढकलले गेले. या नाराजीकडे पाहण्याच्या दोन सोप्या रीती आहेत आणि त्या दोन्ही मला मान्य नाहीत. पहिल्या रीतीनुसार हौशी लोक कुरकुर करणारच, सौंदर्य ही ज्याची त्याची आवड, तेव्हा परीक्षकांनी ठरवले ते ठरवले. दुसऱ्या रीतीनुसार पैसे ग्राहकच मोजणार असल्यामुळे बहुमताने निवडलेले चित्र हेच खरे. माझे म्हणणे असे आहे की किट कारच्या बाबतीत हौशी माणसाचे मत साध्या ग्राहकाच्या मतापेक्षा वजनदार असते, कारण तो त्या गाडीचा अर्धा कारागीर असतो. परंतु त्याच कारणामुळे त्याने आपले मत चित्रावर न देता गाडीवर द्यायला हवे, आणि तसे ते देता यावे म्हणून निकालामागची कारणे त्याच्यासमोर मांडण्याची जबाबदारी आयोजकांची आहे.

शोरूममधून गाडी घेणाऱ्याला दाराची फट एकसारखी का आली याचा विचार करावा लागत नाही. किट कार घेणाऱ्याच्या घरी खोकी येतात. खोक्यांत चेसिस, फायबरग्लासची पॅनेल, कंस, नट-बोल्ट असतात, आणि पुढची कित्येक महिन्यांची संध्याकाळ व प्रत्येक रविवार त्याच्या गॅरेजमध्ये जातो. पॅनेलची कड घासून फट समान करणे, दिव्याची चौकट बसत नसेल तर ती भरून पुन्हा कापणे, वायरिंगचा गुंता सोडवून त्याला खुणा लावणे ही सगळी कामे कारखान्यात व्हायची ती त्याच्या हातून होतात. या व्यवहाराचा इतिहासही असाच आहे. लोटस या ब्रिटिश कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन १९५७ मध्ये आली तेव्हा ब्रिटनमध्ये पूर्ण बांधलेल्या गाडीवर खरेदी कर होता आणि सुट्या भागांवर तो लागत नव्हता, म्हणून ती किटच्या स्वरूपातही विकली गेली. सोबत जोडणीच्या सूचना देणे नियमात बसत नसल्याने गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या जात आणि घेणारा त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत असे. बांधणारा माणूस त्या गाडीच्या कल्पनेतच पहिल्यापासून गृहीत धरलेला होता, आणि जो गृहीत धरलेला आहे त्याला निकालाबद्दल बोलण्याचा अधिकार नाही असे म्हणता येत नाही.

मात्र अधिकार असणे वेगळे आणि तो योग्य ठिकाणी वापरणे वेगळे. स्पर्धेतील चित्र संगणकावर रंगवलेले असते. त्यात चाके कमानीत घट्ट बसलेली असतात, काच एखाद्या थेंबासारखी वळलेली असते, शेपूट आखूड असते आणि दिवे रेघेएवढे बारीक असतात. या चारही गोष्टी किट कारमध्ये फार महाग पडतात, आणि ८१८ च्या रचनेकडे पाहिले म्हणजे त्यांचे कारण नीट समजते.

सुबारूचे चार सिलिंडरचे बॉक्सर, म्हणजे दोन्ही बाजूंना सिलिंडर आडवे पसरलेले, सपाट इंजिन मूळ गाडीत पुढच्या आसाच्याही पुढे, लांबीच्या दिशेने बसवलेले असते. त्याच्या मागे गिअरबॉक्स असतो आणि पुढच्या चाकांचा डिफरेन्शिअल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरसंच) त्या गिअरबॉक्सच्याच पोटात असतो. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघालेला दांडा मागच्या चाकांना जोर पुरवतो. ८१८ मध्ये हा सगळा संच, तोंड न फिरवता, उचलून आसनांच्या मागे नेला. त्यामुळे मूळ गाडीत पुढची चाके फिरवणारे दांडे आता मागची चाके फिरवू लागले, मागे जाणारा दांडा निरुपयोगी झाल्याने ती वाट बंद केली गेली, आणि इंजिन आपोआप आसने व मागचा आस यांच्यामध्ये आले. मध्यभागी इंजिन असलेली, मागच्या चाकांवर चालणारी हलकी गाडी एका जुन्या सेडानच्या भागांतून उभी राहिली. ही युक्ती मला अभियांत्रिकीतील काटकसरीचा उत्तम नमुना वाटते, आणि गाडीच्या रूपाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने ती आधी समजून घ्यावी असे मनापासून वाटते.

कारण या युक्तीची किंमत बाह्यरूपाला मोजावी लागते. गिअरबॉक्स आता मागच्या आसाच्याही मागे लांबवर जातो, म्हणून शेपूट चित्रातल्याइतके आखूड करता येत नाही. टर्बोला (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या यंत्राला) थंड हवा हवी, म्हणून आसनांच्या मागे हवा आत घेणारी तोंडे हवीत. ती कोणाला आवडोत वा न आवडोत, त्यांना पर्याय नाही. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्यामुळे पाण्याच्या नळ्या गाडीच्या लांबीभर न्याव्या लागतात आणि नाकात हवेला वाट द्यावी लागते. चाकांचा वर-खाली प्रवास डोनर गाडीच्या, म्हणजे जिचे भाग घेतले त्या गाडीच्या, सस्पेन्शनने ठरतो, म्हणून कमान चाकाला चिकटवून काढली तर खड्ड्यात टायर फायबरला घासेल. समोरची काच ही तर वेगळीच अडचण आहे. लॅमिनेटेड काच वाकवण्याचा साचा थोड्याशा गाड्यांसाठी बनवणे परवडत नाही, म्हणून छोटे उत्पादक बहुधा एखाद्या चालू गाडीची काच घेतात, आणि काच एकदा ठरली की तिच्याभोवतीच्या खांबांचा कोन, बॉनेटची मागची कड, छपराचा चढ हे सगळे तिच्या मागोमाग ठरत जाते. दिव्यांचे तसेच, रस्त्यावर चालण्यास मान्यता मिळालेला दिवा बाजारातून घेणे हा एकच शहाणपणाचा मार्ग असतो.

आणि मग फायबरग्लासचा साचा. ज्याने कधी साच्यातून पॅनेल सोडवले आहे त्याला ठाऊक असते की पृष्ठभागाला थोडा तरी उतार नसेल तर तुकडा साच्यात अडकतो, आणि आतल्या बाजूला वळलेली घडी असेल तर साचा दोन किंवा तीन भागांत करावा लागतो. जितके भाग तितक्या जोडरेषा, आणि जोडरेषा घासून, भरून, पुन्हा घासून नाहीशी करण्याचे काम शेवटी गॅरेजमधल्या माणसाकडे येते. चित्रातील एक डौलदार घडी म्हणजे त्याचे दोन-तीन रविवार असू शकतात. परीक्षकांनी ती घडी काढून टाकायला सांगितली असेल तर त्यांनी गाडी बिघडवली असे म्हणण्याआधी ती घडी कोणाच्या मनगटावर पडणार होती हे पाहायला हवे.

येथे कोणी म्हणेल की मी सरळ परीक्षकांची बाजू घेत आहे. तसे नाही. हौशी लोकांची नाराजी चित्राभोवतीच घुटमळत राहते याचे मुख्य कारण आयोजक त्यांच्यापुढे चित्राखेरीज काहीच ठेवत नाहीत. विजेत्यांची रंगीत चित्रे प्रसिद्ध होतात, नावे प्रसिद्ध होतात, आणि ‘अत्यंत चुरशीची स्पर्धा झाली’ अशा अर्थाचे एखादे वाक्य लिहिले जाते. कोणते चित्र कोणत्या कारणाने मागे पडले, कोणत्या चित्रातला कोणता भाग साच्यात बसत नव्हता, कोणाची काच मिळण्यासारखी नव्हती, हे सांगितले जात नाही. ज्यांना स्वतःच्या हाताने गाडी बांधायची आहे, ज्यांना टॉर्क रेंच आणि मायक्रोमीटर वापरता येतो, त्यांना ही माहिती समजणार नाही असे मानणे हा त्यांचा अपमान आहे. माहिती दिली नाही की लोक आवडीनिवडीवर बोलतात, आणि ते आवडीनिवडीवर बोलतात म्हणून त्यांना माहिती देण्याची गरज वाटत नाही. हे चक्र तोडण्याचे काम आयोजकांचेच आहे, कारण किल्ली त्यांच्या हातात आहे.

बांधणाऱ्यांची नाराजी खरी ठरल्याचे सर्वांत ठळक उदाहरण पुन्हा लोटस सेव्हनचेच आहे. १९७० मध्ये लोटसने सेव्हनची चौथी मालिका आणली. आधीच्या तीन मालिकांचे रूप अगदी साधे होते. ॲल्युमिनियमचे सपाट पत्रे, नळ्यांचा सांगाडा, नाक आणि मडगार्ड एवढेच काय ते वळणदार. चौथ्या मालिकेला त्या काळाच्या आवडीप्रमाणे फायबरग्लासचे टोकदार, भरलेले अंग दिले गेले. वाळूवर पळवायच्या उघड्या बग्गीसारख्या गाड्यांकडे वळलेला तरुण ग्राहक तिच्याकडे यावा ही अपेक्षा त्यामागे होती. जुन्या सेव्हनच्या चाहत्यांनी मात्र ती मनापासून स्वीकारली नाही. १९७३ मध्ये लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम या ब्रिटिश कंपनीला दिले. केटरहॅमने सुरुवातीला चौथी मालिकाच बांधली आणि १९७४ मध्ये ती सोडून तिसऱ्या मालिकेच्या रूपाकडे परतली. परतण्यात चौथ्या मालिकेच्या भागांची टंचाई हेही एक कारण होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तेच जुने रूप त्यानंतर अर्धशतक टिकून राहिले, याचे उत्तर टंचाईत सापडत नाही. सपाट पत्रा वाकला तर बदलता येतो, बोल्ट काढला की आतले सगळे दिसते, आणि रूप व रचना यांत अंतर उरत नाही. बांधणाऱ्यांना जे हवे होते ते हे होते. त्यांचा आक्षेप दिसण्याबद्दलचा वाटला तरी त्याच्या मुळाशी हातांचा अनुभव होता.

आता बहुमताच्या बाजूने जे बोलतात त्यांच्याकडे वळतो. त्यांचे आवडते उदाहरण लोकल मोटर्स. अमेरिकेतील या कंपनीने २००८ मध्ये खुल्या स्पर्धेतून सांगहो किम या डिझाइनच्या विद्यार्थ्याचे चित्र निवडले. त्या निवडीत कंपनीच्या ऑनलाइन समुदायातील सभासदांच्या मतांना मोठे स्थान होते, आणि दुसऱ्या महायुद्धातील पी-५१ मस्टँग या लढाऊ विमानावरून सुचलेल्या त्या रूपातून रॅली फायटर ही वाळवंटात धावणारी गाडी उभी राहिली. ॲरिझोनातील छोट्या कारखान्यात ग्राहक स्वतः येऊन गाडीच्या जोडणीत भाग घेत असे. रंगाऐवजी व्हिनाइलचे आवरण चढवत, त्यामुळे रंगकामाचा मोठा खर्च आणि विषारी वाफा दोन्ही टळत. कल्पना धाडसी होती आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण गाडीची किंमत पुढे जवळजवळ १ लाख डॉलरपर्यंत गेली. म्हणजे ज्यांनी मते दिली त्यांतील फारच थोडे ती घेऊ शकणार होते, आणि जे घेणार होते त्यांतील अनेकांनी मत दिलेले नसणार. मत देणारा आणि गाडीखाली पाठ टेकून झोपणारा हे दोघे वेगळे झाले की मतमोजणीला किट कारच्या संदर्भात फारसा अर्थ राहत नाही. ती फक्त एका चित्राची लोकप्रियता सांगते. २०२२ च्या जानेवारीत कंपनी बंद झाली. तिच्या बंद होण्याची कारणे अनेक असतील आणि ती मी स्पर्धेच्या पद्धतीवर लादत नाही.

याच्या उलट ८१८ चे किट सुरुवातीला ९,९९० डॉलरना जाहीर झाले. डोनर गाडीचा खर्च वेगळा धरला, टायर-रंगाचा खर्च वेगळा धरला, तरी ही रक्कम रॅली फायटरच्या एक दशांश आहे. येथे निकालावर बोलणारा माणूस आणि किट मागवणारा माणूस एकच असण्याची शक्यता पुष्कळ जास्त होती. म्हणूनच फॅक्टरी फाइव्हने, किंवा तशी स्पर्धा घेणाऱ्या कोणत्याही कंपनीने, लोकांचा कौल घ्यावा अशी माझी मागणी नाही. त्यांनी बांधणाऱ्यांचा सल्ला घ्यावा, अशी आहे. आधी ज्यांनी कंपनीची एखादी गाडी स्वतः पूर्ण केली आहे अशा पाच-सात जणांना परीक्षकांच्या शेजारी बसवले तर कोणती जोडरेषा त्रास देईल, कोणत्या बिजागरीपर्यंत हात पोहोचणार नाही, हे ते अर्ध्या तासात सांगतील. कंपनीच्या अभियंत्यांना हे कळत नाही असे नव्हे, परंतु त्यांच्यापाशी लिफ्ट असते, चांगला उजेड असतो आणि मदतीला दुसरा माणूस असतो. घरी बांधणाऱ्यापाशी जॅक, एक बल्ब आणि फार तर शेजारी असतो.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, जिच्याबद्दल हौशी मंडळी निकालाच्या दिवशी फारशी बोलत नाहीत, आणि ती न जिंकलेल्यांची आहे. खुल्या स्पर्धेत शेकडो तास विनामोबदला खर्ची पडतात आणि एका-दोघांनाच बक्षीस मिळते. व्यावसायिक डिझायनरांचा अशा स्पर्धांना असलेला आक्षेप मला रास्त वाटतो. तो पूर्ण दूर करता येणार नाही, पण न निवडलेल्या चित्राचे सर्व हक्क त्याच्या कर्त्याकडेच राहतील आणि त्यातील एखादी कल्पना पुढे वापरली तर तिचे श्रेय व मोल दिले जाईल, एवढे नियमावलीत स्वच्छ लिहिता येते. या क्षेत्रात रूपाची मालकी किती ठिसूळ असते हे ब्रूस मेयर्स यांनी भोगले आहे. कॅलिफोर्नियात बोटी बांधणाऱ्या या माणसाने १९६४ मध्ये फोक्सवॅगन बीटलच्या भागांवर फायबरग्लासची मेयर्स मँक्स ही बग्गी घडवली. पहिल्या बारा गाड्यांचे अंग हेच त्यांचे चेसिस होते. ते बनवायला महाग आणि बांधायला अवघड ठरल्यावर त्यांनी बीटलचा तळ आखूड करून त्यावर बसेल असे सोपे अंग केले, आणि मग गाडी घरोघरी बांधली जाऊ लागली. बांधणाऱ्याची सोय पाहून रूप बदलले तर गाडीचे सत्त्व जात नाही, याचा हा पुरावाच आहे. पण तिच्या इतक्या नकला निघाल्या की मूळ गाडी त्यांत बुडाली, आणि पेटंटचा दावाही न्यायालयात टिकला नाही. ज्या धंद्यात यशस्वी कर्त्याची ही अवस्था झाली, तेथे चौथ्या क्रमांकाच्या स्पर्धकाने लेखी हमी मागितली तर ती जास्तीची मागणी नाही.

कारणे प्रसिद्ध करण्याविरुद्ध एक मुद्दा मांडला जातो की त्यामुळे कंपनीची गुपिते प्रतिस्पर्ध्यांना कळतील. मला यात तथ्य दिसत नाही. किट विकले की चेसिसची प्रत्येक नळी कोणालाही मोजता येते; गाडी सुटी करूनच विकली जाते, मग लपवायचे काय उरते? दुसरा मुद्दा वादाचा, म्हणजे कारणे दिली की त्यांच्यावर वाद वाढेल. वाढेल, आणि तो वाढलेला वाद अधिक उपयोगी असेल. ‘नाक आवडले नाही’ यावर पुढे काही बोलता येत नाही. ‘नाकाची उंची रेडिएटरमुळे ठरली असे तुम्ही म्हणता, पण रेडिएटर तिरपा ठेवला तर दोन इंच वाचतील’ यावर मात्र काम सुरू करता येते.

आपल्याकडे या विषयाला एक जवळचा धागा आहे. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्याच वळणाची, इसुझूच्या १.८ लिटर इंजिनावर चालणारी रोडस्टर बनवली आणि महाराष्ट्रातील अनेकांनी किट कार हा शब्द प्रथम तिच्यामुळे ऐकला. आपल्या कायद्यात घरी बांधलेल्या एकेका गाडीला सहज सामावून घेणारी वाट नाही, त्यामुळे ही हौस येथे फोफावली नाही. तो मोठा आणि स्वतंत्र विषय आहे. पण गाडी स्वतः बांधणाऱ्या तरुणांची स्पर्धा आपल्याकडे आहे. २००७ पासून भरणाऱ्या बाहा एसएई इंडियामध्ये महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ उत्साहाने उतरतात. तेथे रोल केजच्या (गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्याच्या) नळीचा व्यास आणि जाडी यांची बंधने आधी दिली जातात, डिझाइनबद्दल परीक्षक समोरासमोर प्रश्न विचारतात, खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, आणि शेवटी चार तासांच्या एंड्युरन्स शर्यतीत गाडी पळवून दाखवावी लागते. हरलेल्या संघाला आपण का हरलो हे माहीत असते, कारण त्यांचा तुटलेला सस्पेन्शन आर्म त्यांच्या हातात असतो. रूपाच्या स्पर्धेला इतकी कठोर कसोटी लावता येणार नाही, हे खरे. पण चित्रासोबत चेसिसवर बसवलेला आराखडा, पॅनेलची संख्या, साच्यांच्या जोडरेषा आणि काच व दिवे कोठून घेणार याची यादी मागणे सहज शक्य आहे. असे केल्यास प्रवेशिका कमी येतील. ज्या येतील त्या बांधता येण्याजोग्या असतील.

८१८ पुढे अमेरिकेतील सेमा या मोटारींच्या सुट्या भागांच्या २०१२ च्या प्रदर्शनात लोकांसमोर आली, रस्त्यासाठी ८१८एस आणि शर्यतीसाठी ८१८आर अशा दोन रूपांत, दोन्ही उघड्या. छप्पर असलेली ८१८सी नंतर आली. छप्पर म्हणजे काच, दारे, रबराच्या पट्ट्या, पाणी आत न येण्याची काळजी आणि उन्हात तापणारी केबिन. किट कारमध्ये यांतील प्रत्येक गोष्ट बांधणाऱ्याच्या कामात भर घालते. तरीही अनेकांना बंद गाडीच हवी असते, कारण पावसात आणि थंडीत त्यांना ती रोज चालवायची असते. स्पर्धेच्या टप्प्यावरच भावी बांधणाऱ्यांना ‘तुम्ही ही गाडी कोठे आणि कोणत्या ऋतूत चालवणार’ असा साधा प्रश्न विचारला गेला, तर छपराचा निर्णय पहिल्याच चेसिसच्या आखणीत घेता येतो आणि मागाहून खांब जोडण्याची वेळ येत नाही.